मदत हवी आहे: याफना तमिळ मुलाखतींची मराठी उपशीर्षकं

श्रीलंकेतल्या याफनाच्या (याळ्प्पाणम) तमिळमधल्या मुलाखतींना मराठी उपशीर्षकं द्यायची आहेत. कच्चा मजकूर चेन्नईच्या तमिळवर तयार झालेल्या माणसाने लिहिला की घोटाळे ठरलेले.

सगळ्यात घातक शब्द ‘पेसु’. चेन्नईत बोलणे, याफनात बहुधा रागावणे. साध्या बोलण्याला तिथे ‘कदै’. म्हणजे ‘आई बोलली’ असं उतरवलं, तर मूळ वाक्यात आईने चांगलंच झापलेलं असतं. मराठीतलं ‘ती मला खूप बोलली’ इथे आयतं बसतं, पण ‘मला’ गाळलं की अर्थ गेला. ‘ओम्’ म्हणजे नुसतं ‘हो’, मंत्र नव्हे!

अडलंय ते दोन ठिकाणी.

एक, दर्शक सर्वनामं तीन: ‘इदु’ हे, ‘अदु’ ते, आणि ‘उदु’ म्हणजे ऐकणाऱ्याच्या जवळचं. भारतातल्या बोलीतून ‘उदु’ जवळपास गेलाय, म्हणून कच्चा मजकूर लिहिणारा ‘अदु’ लिहून मोकळा होतो. मराठीत ‘तुझ्याजवळचं ते’ अचूक, पण लांबतं. ओळीला जेमतेम ३५ अक्षरं मिळतात. नुसतं ‘ते’ चालवावं का?

दोन, ‘नी’ (तू) आणि ‘नींगळ’ (तुम्ही) यांच्या मधला ‘नीर’ (‘येणे’चा आज्ञार्थ ‘वारुम’). ‘तू’ उद्धट, ‘तुम्ही’ फार अदबीचं. ‘तू’ ठेवून क्रियापद मवाळ करावं, ‘ये ना’सारखं, असं माझं मत. हे नवरा-बायकोच्या संवादात खपेल, सहकाऱ्यांत खपेल का?

दोन्ही बोली कानावर असलेल्यांनी कृपया उदाहरणासकट सांगा.