मोरसला गेलेल्या माणसाचा माग कसा काढावा?

विचारणा (यावल):
कापसाचे भाव कोसळल्यावर आमच्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ शेत गहाण टाकून ‘मोरसला’ गेले आणि घरदार विसरले, एवढेच आजी सांगत असे. ती पांढऱ्या साखरेलाही मोरसच म्हणायची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर भरताना त्यांचे नाव आजही घेतले जात नाही, याचे मला वाईट वाटते. मोरस म्हणजे मॉरिशसच का, आणि तिथे त्यांची नोंद मिळेल का?

उत्तर (धुळे):
होय, मॉरिशसच. तिथल्या उसाच्या मळ्यांतून येणाऱ्या साखरेला आपल्याकडे मोरस साखर म्हणत. १८३५ मध्ये त्या बेटावर गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याचा सपाटा लावला. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचा भरणा मोठा होता. पण खानदेश मुंबई इलाख्यातच होता आणि १८६३ मध्ये भुसावळपर्यंत आगगाडी आल्यावर मुंबई गाठणे सोपे झाले होते, त्यामुळे आजींची गोष्ट मला खरी वाटते. मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दप्तरे जपलेली आहेत. त्यांत प्रत्येकाचा क्रमांक, वडिलांचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि जहाज अशी माहिती असते. नावे मात्र इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली असल्याने केवळ नावावर विसंबू नका. गाव आणि वडिलांचे नाव जुळवून पाहा.

उत्तर (चोपडा):
भाऊ, ‘विसरले’ हा शब्द मला पटत नाही. परतीचा फुकट प्रवास हा मजुरांचा हक्क १८५० च्या दशकातच काढून घेण्यात आला होता. सुरुवातीच्या करारांत मजुरी महिना ५ रुपये, आणि एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. यातून जहाजाचे भाडे साठणार तरी कसे? करार संपलेल्यांनाही १८६७ च्या कायद्याने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसल्यास भटक्या ठरवून पकडले जाई. त्यामुळे तुमच्या पूर्वजांचे छायाचित्रही त्या दप्तरांत असू शकेल.

विचारणाऱ्याचे उत्तर:
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. गहाणखत घरातल्या पेटीत आहे. त्यावर त्यांचे, वडिलांचे आणि गावाचे नाव स्पष्ट वाचता येते. त्याची नक्कल जोडून मोका येथे पत्र पाठवतो.