मदत हवी आहे: जुन्या टोपो नकाशावर घराच्या जागी झेंडा (तातडीचं)

शेतातला_परदेशी: आमच्या जागेचा जुना टोपो नकाशा (चढउतार, घरं, रस्ते दाखवणारा) उतरवून घेतला. आमच्या तुकड्यावर बारीक काळा चौकोन, वर झेंडा. हे काय आहे? तिथे विहीर असेल का? सोमवारी सेप्टिक टाकीसाठी खोदणारा येतोय. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

राणी_क: कुठला देश? साल? स्केल? नकाशा तरी डकवा.

शेतातला_परदेशी: अमेरिका, आयोवा. यूएसजीएसचा (इथलं सरकारी भूसर्वेक्षण खातं) आहे, त्यांच्या टोपोव्ह्यू साइटवरून घेतला. फोटो चढत नाहीये.

नकाशेवाला: स्केल राहिलंच. चौकोनावर झेंडा म्हणजे शाळा. क्रॉस असता तर चर्च. तिकडे खेडोपाडी एका खोलीच्या शाळा असत. तुमची जागा सेक्शन १६ मध्ये आहे का बघा. तिकडे जमीन मोजून टाउनशिप नावाचे मोठे चौकोन पाडलेत, त्यांचे छोटे चौकोन म्हणजे सेक्शन. टाउनशिपच्या ३६ सेक्शनांपैकी १६ वा शाळेसाठी राखीव असे, १७८५ पासूनचा नियम.

मुळशीकर: अर्धवट माहिती. ती जमीन विकून किंवा खंडाने देऊन शाळेला पैसा उभा करायचा. इमारत पोरांना चालत जाता येईल अशा कुठल्याही सेक्शनात बांधत.

नकाशेवाला: राखीव होता एवढंच म्हणालो. वाचा की नीट.

आबा_सातारा: सातबारा काढा. इतर हक्कांत विहिरीची नोंद असते. माझ्या चुलतभावाची अशीच सापडली, मग तिच्यावरून दहा वर्षं कोर्टात भांडण.

शेतातला_परदेशी: आबा, इथे सातबारा नसतो हो.

पिक्सेल_पंत: नकाशाची जिओटिफ (अक्षांश-रेखांश जोडलेली चित्रफाइल) क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, खाली उपग्रहचित्र ठेवा, मग चौकोनावर क्लिक करा. अक्षांश-रेखांश हातात. पाच मिनिटांचं काम.

मुळशीकर: पंत, नकाशा १:६२,५०० चा असेल तर १ मिमी म्हणजे जमिनीवर ६२.५ मीटर. त्यावर खड्ड्याची जागा ठरवणार? आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मॅप सर्व्हरवर १९३० च्या दशकातले हवाई फोटो फुकट आहेत, ते बघा. शेताखालच्या ड्रेनेज टाइलही (पाणी निचऱ्याचे पुरलेले पाइप) टोपोवर दिसत नाहीत. ८११ ला (खोदण्याआधी जमिनीखालच्या लाइनी दाखवून घ्यायचा नंबर) फोन कराच, पण ते खाजगी टाइल किंवा बुजवलेली विहीर सहसा दाखवत नाहीत.

हर्षू: एकर काय भावाने पडला? आम्हीपण डे मॉइनजवळ बघतोय.

शेतातला_परदेशी: स्केल १:६२,५०० च आहे. सेक्शन २१. विहीर आहे की नाही तेवढं सांगा ना कुणीतरी!

मुळशीकर: शाळा होती म्हणजे पाण्याची सोय जवळपास असणार, पण नेमकी कुठे ते हा नकाशा सांगणार नाही. शेजारी कुणी जुना शेतकरी असेल त्याला विचारा. आणि खोदणाऱ्याला आधी ते हवाई फोटो दाखवा.

हर्षू: भाव राहिला.