भूतकाळ 'नव्याने मांडायला' फेलोशिप? मला तरी पटत नाही

खडूफळा:
न्यूयॉर्कच्या मॅग्नम फाउंडेशनची 'काउंटर हिस्टरीज' नावाची फेलोशिप आहे, म्हणजे फोटोग्राफरने जुने फोटो, कागदपत्रं, घरचे अल्बम वगैरे घेऊन भूतकाळ आपल्या कल्पनेने नव्याने मांडायचा. ऐकायला भारी आहे, पण माझं सरळ म्हणणं असं की जुना फोटो हा पुरावा असतो आणि पुराव्याशी खेळायला पैसे कशाला द्यायचे? आपल्याकडे आधीच झाशीच्या राणीचा 'एकमेव अस्सल फोटो' अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर उगवतो, खोटाय म्हणून सांगितलं तर काका लोक नाराज होतात. त्यापेक्षा तोच पैसा काचेच्या निगेटिव्ह वाचवायला आणि स्कॅन करायला द्या की.

सेपिया:
पुरावा म्हणे! विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरचं मुंबईतल्या जातीजमातींचं फोटोंचं पुस्तक बघा कधीतरी, दोन भाग, १८६३ आणि १८६६. बघणाऱ्याला वाटतं लोक मुंबईत ठिकठिकाणी उभे राहिलेत आणि याने टिपलंय, प्रत्यक्षात माणसं एका फोटोतली, मागची जागा दुसऱ्याच फोटोतली, आणि जोडकाम करून एक प्रिंट. फेलिचे बिआटो या फोटोग्राफरने १८५८ साली लखनौच्या सिकंदरबागेत काढलेला फोटो तर सगळ्यांनी पाहिलेला असतो, समोर अंगणात १८५७ च्या उठावात मारलेल्या शिपायांची हाडं पसरलेली. ती हाडं फोटोसाठी उघडी करवून घेतली होती असं तेव्हाच्याच एका ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या आठवणीत लिहिलंय. म्हणजे साहेबाने मांडामांड केली की इतिहास, आणि आज आपल्यातल्या कुणी त्याला उलट उत्तर दिलं की छेडछाड, असं कसं चालेल?

खडूफळा:
पण जॉन्सनची लबाडी आपल्याला कळली कशामुळे? जुना माल शिल्लक राहिला म्हणूनच ना. माझा मुद्दा तोच आहे, आधी मूळ वाचवा मग काय उत्तरं द्यायची ती द्या.

रात्रपाळी:
खडूफळा यांना अनुमोदन. २०२१ ची कंबोडियाची गोष्ट आठवा. तुओल स्लेंग हा ख्मेर रूजचा, म्हणजे १९७० च्या दशकातल्या तिथल्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीचा तुरुंग, तिथे आणलेल्या प्रत्येक कैद्याचा फोटो काढायचे आणि नंतर जवळपास सगळ्यांना मारलं. आयर्लंडच्या एका कलाकाराने ते फोटो रंगवले इथपर्यंत ठीक होतं, पण त्यातल्या काही चेहऱ्यांवर चक्क हसू चढवलं! व्हाइस या बातम्यांच्या वेबसाइटने ते छापलं, लोकांनी मूळ फोटो शेजारी ठेवून दाखवले, कंबोडियाच्या सरकारने निषेध केला तेव्हा कुठे काढलं. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हसवणं ही तुमची क्रिएटिव्हिटी असेल तर नको ती.

सेपिया:
अहो पण दोन्ही एका मापात कुठे मोजताय? बंगळूरच्या कलाकार पुष्पमाला एन. घ्या. २००० ते २००४ मध्ये त्यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नीसोबत फोटोंची एक मालिका केली. इंग्रज लोक 'नेटिव्ह' माणसाला चौकटी-चौकटीच्या पडद्यासमोर उभं करून मापं घ्यायचे, जनावराची घेतात तशी, तसल्याच पडद्यासमोर या बाई स्वतः वेष करून उभ्या राहिल्या. जुन्या प्रिंटला बोटसुद्धा लावलं नाही, आणि बघणाऱ्याला पहिल्या सेकंदाला कळतं की हा आजचा फोटो आहे आणि कुणाची तरी खेचलीय. कंबोडियाच्या भानगडीत नेमकं तेच लपवलं होतं. ही फेलोशिप पुष्पमालांसारख्या कामासाठी आहे हो!

लालदिवा:
वडिलांचा स्टुडिओ होता तालुक्याच्या गावी, तेव्हा दोन शब्द. पुरावा-बिरावा म्हणताय ते ऐकून हसू आलं. वारलेल्या नवऱ्याला बायकोच्या शेजारी 'बसवणं' हे आमच्याकडे नेहमीचं काम, नवऱ्याचा लग्नातला फोटो आणायचे, बाई पन्नाशीच्या आणि नवरा बाविशीचा, तरी लोक फ्रेम करून देवघराच्या वर लावायचे. निगेटिव्हवर आधी मीडियम म्हणून एक पातळ चिकट लावायचं म्हणजे शिसपेन्सिल धरते, मग काचेपाठीमागून उजेड घेऊन सुईसारख्या टोकाने सुरकुत्या भरायच्या. देवीचे व्रण तर हमखास घालवायचे. पैसे घेऊनच करायचो, कुणाला वावगं वाटलं नाही. तुमच्या घरातलेच फोटो नीट निरखून बघा आधी.

खडूफळा:
लालदिवा, भारी माहिती, पण ते घरच्यांनी घरच्यांसाठी करून घेतलेलं. इथे ओसाडगावातल्या कुणाच्या तरी पणजीचा फोटो गॅलरीत जाणार, पणजीला कोण विचारणार?

सेपिया:
कलाकार विवान सुंदरम यांनी केलं ते आजोबांच्याच, म्हणजे उमराव सिंग शेरगिलांच्या फोटोंवर. मावशी म्हणजे चित्रकार अमृता शेरगिल, आई, आजोबा, सगळ्यांना वेगवेगळ्या काळांतून उचलून कॉम्प्युटरवर एका खोलीत आणलं. घरचाच अल्बम. चालेल ना तुम्हाला?

खडूफळा:
चालेल. त्यांच्या घरचं आहे, त्यांचं ते बघतील.

रात्रपाळी:
मला नाही चालणार. गॅलरीत खाली माहितीची पट्टी असते म्हणून कळतं, उद्या कुणी पट्टी कापून फॉरवर्ड केला की झाला तो 'शेरगिल घराण्याचा दुर्मिळ फोटो'. जोड दिसलीच पाहिजे फोटोत, पट्टीवर माझा विश्वास नाही.

लालदिवा:
जोड दिसली असती तर वडिलांनी मला उपाशी ठेवलं असतं.

सेपिया:
रात्रपाळी, फॉरवर्ड करणाऱ्यांच्या भीतीने फोटोग्राफरने काम करायचं नाही का? मग तर पासपोर्ट साइजच काढत बसायचं सगळ्यांनी.

खडूफळा:
तरी निगेटिव्ह स्कॅन करायचा खर्च कोण देणार हे कुणी बोललंच नाही.