बारावीनंतर बहिणीसाठी: तालुक्याचं कॉलेज घ्यावं की जळगाव? युवारंग, आविष्कार, एनएसएसचा अनुभव असलेल्यांनी सांगा

कापूसपट्टा

नमस्कार मंडळी. आमचं गाव पारोळा आणि अमळनेरच्या मधलं. धाकटी बहीण यंदा कला शाखेतून बारावी झाली, मार्क चांगले पडलेत. मी चाकणला कंपनीत असल्यामुळे घरचं सगळं फोनवरच ठरतंय, आणि घरात दोन मतं आहेत. आई-आप्पांचं म्हणणं, तालुक्याला एका शिक्षणसंस्थेच्या कॉलेजची शाखा आहे, सकाळच्या एसटीनं जाईल, दुपारी घरी येईल. बहिणीला जळगावला हॉस्टेलवर राहायचंय. ती शाळेपासून वक्तृत्वात बोलते, रांगोळीही फार सुंदर काढते. तिची भीती एकच आहे: तालुक्याच्या कॉलेजात नाव घालायचं आणि परीक्षेला जायचं, बाकी तिथं काही घडत नाही.

खरंच असं असतं का? तालुक्याच्या शाखेतली मुलं विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत पोचतात का? पुढच्या आठवड्यात रजा घेऊन गावी जातोय, तिला घेऊन कॉलेज बघून येईन. तिथं काय बघू आणि कुणाला काय विचारू? फी आणि खोलीभाड्याचा हिशेब आमचा झालाय, त्याची काळजी नाही. कृपया कुठल्या कॉलेजचं नाव घेऊन वाईट लिहू नका, मला माहिती हवी आहे.

फळ्यासमोर

मी धुळे जिल्ह्यात तालुक्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि बरीच वर्षं युवारंगला, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला, संघ घेऊन जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं एकाच विद्यापीठाखाली आहेत. १९९० साली ते पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्यामुळे तालुक्याच्या मुलीला अभ्यासक्रम, पेपर आणि पदवी जळगावच्या मुलीसारखीच मिळते. युवारंगलाही प्रत्येक कॉलेजचा स्वतःचा संघ असतो, आणि शाखेचा फायदा नेमका इथंच आहे. शहरातल्या मोठ्या कॉलेजात वक्तृत्वासाठी आधी आतल्या आतच मोठी निवड होते. फर्स्ट इयरच्या मुलीला पुष्कळदा सांगतात, पुढच्या वर्षी बघू. आमच्याकडे मी वर्गावर्गात जाऊन मुली शोधते. चांगलं बोलणारी मुलगी पहिल्याच वर्षी वक्तृत्वाला उभी राहते, वादविवादात असते, मूकनाट्यात माणूस कमी पडला तर तिथंही जाते. तीन वर्षांत एवढ्या वेळा मंचावर उभं राहणं शहरात फार थोड्यांना मिळतं. विद्यापीठातून निवड झाली तर पुढे राज्याचा इंद्रधनुष्य महोत्सव आहे, आणि तिथं कुणी विचारत नाही की तुमचं कॉलेज तालुक्याचं की शहराचं.

पण तुमची बहीण जे म्हणते तेही मी रोज बघते. आमच्या मुली हुशार आहेत, त्यांना हौस आहे, आणि दुपारी दीडला त्या स्टँडवर असतात. लेक्चर संपल्यावरच कॉलेज खरं सुरू होतं: नाटकाचा सराव, भित्तिपत्रक, मैदान, गप्पा. आणि त्याच वेळी गावाकडची गाडी सुटते. त्यानंतर एकदम संध्याकाळची मुक्कामी गाडी, आणि तिनं मुलगी घरी यायची म्हटलं की घरचे नाही म्हणतात. तालुक्याच्या कॉलेजात काही घडत नाही असं वाटतं ते बहुतेक या एसटीच्या वेळापत्रकामुळे. म्हणून माझा सल्ला असा की कॉलेजच्या इमारतीआधी स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक बघा. मग कॉलेजात सांस्कृतिक विभाग ज्यांच्याकडे आहे त्या सरांना किंवा मॅडमना भेटा. त्यांना विचारा: युवारंगचा सराव किती वाजता घेता? मागच्या वर्षी कोणकोणत्या प्रकारांत संघ उतरला? त्यात रोज ये-जा करणाऱ्या मुली किती होत्या? आम्ही सराव सकाळी, लेक्चरच्या आधी घेतो, तेव्हापासून मुलींची संख्या वाढली आहे. जिथं असा विचार केलेला असेल तिथं बिनधास्त प्रवेश घ्या.

पांझरेकाठ

मॅडमनी लिहिलंय त्यात एक भर. प्रवेशाच्या पत्रकावर ढाल-करंडकांचे फोटो सगळेच छापतात, त्यावरून काही कळत नाही. नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. कॉलेजच्या वेबसाईटवर नॅकला दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल (एसएसआर) नाहीतर दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल (एक्यूएआर) असतो, तो उघडा. त्यातला पाचवा निकष विद्यार्थ्यांसाठीच आहे. कोणत्या वर्षी कोणत्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, मुलं पुढे कुठे शिकायला गेली, कुठे नोकरीला लागली, शिष्यवृत्ती कितीजणांना मिळाली, हे सगळं तिथं वर्षवार द्यावं लागतं. पुष्कळ कॉलेजं प्रमाणपत्रंही जोडतात. एकाच वर्षाचे एकदोन करंडक दिसले आणि बाकीची वर्षं कोरी असतील, तर तेव्हा एखादा गुणी विद्यार्थी होता आणि तो गेला, एवढाच अर्थ. दरवर्षी थोडं थोडं दिसत असेल, अगदी विद्यापीठ पातळीचं तिसरं बक्षीस का असेना, तर तिथं शिकवणारं कुणीतरी मनापासून झटतंय असं समजा. माझ्या पुतण्याच्या वेळी आम्ही असंच बघून ठरवलं.

भुसावळ_जंक्शन

मी थोडं वेगळं सांगतो. मी तीन वर्षं पॅसेंजरनं जळगावला ये-जा केली. मोठ्या कॉलेजचे फायदे मंचापुरते नसतात. ग्रंथालय संध्याकाळपर्यंत उघडं असतं, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका असते, एका विषयाला अनेक प्राध्यापक असतात, हव्या त्या विषयात स्पेशल घेता येतं. लहान शाखेत विषय मोजकेच असतात, आणि एखादी जागा रिकामी राहिली तर तासिका तत्त्वावरचे सर येईपर्यंत महिने जातात. बहिणीला स्पेशल कोणता विषय घ्यायचाय ते आधी विचारा आणि त्या विषयाला कायमचे शिक्षक आहेत का बघा. वक्तृत्व करणारी मुलगी उद्या एमपीएससीकडे वळली तर ग्रंथालय लागणारच. आणि हॉस्टेलवर राहिलेली मुलगी स्वतःचं स्वतः ठरवायला शिकते, हे मी माझ्या बहिणीत बघितलंय.

फळ्यासमोर

रिकाम्या जागांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते आम्हालाही सलतं. ज्या विषयाचा विभाग एकट्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर चालतो तो स्पेशलला घेऊ नये, असंच मीही सांगेन.

सातपुड्याची

मी धडगाव तालुक्यातली. शहाद्याला शिकले, आता नंदुरबारला नोकरी करते. मला कॉलेजनं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी एनएसएसचं, राष्ट्रीय सेवा योजनेचं, नाव घेते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर ज्या गावात होतं तिथं आम्ही बंधारा घातला, रोज संध्याकाळी गावातल्या बायकांसोबत बसलो. माझी मराठी तेव्हा अडखळत होती, घरी आम्ही पावरी बोलतो. शिबिरात रोज कुणीतरी अहवाल वाचायचा असे, त्यातून बोलायची भीती गेली. नंतर लोकनृत्याच्या संघात आले. आमच्याकडच्या होळीचं नृत्य, ढोल आणि बासरीसकट, विद्यापीठाच्या मंचावर केलं तेव्हा खाली बसलेली आमची माणसं उठून नाचायला लागली. माझ्या गावाचं नाव माइकवरून पहिल्यांदा तिथं ऐकलं.

कापूसपट्टा दादा, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी कोण आहेत ते विचारा, आणि मागचं शिबिर कोणत्या गावात झालं तेही. उत्तर पटकन आलं आणि गावातल्या कामाची माहिती मिळाली तर विभाग चालू आहे.

इथं वाचणाऱ्या आदिवासी मुलामुलींसाठी आणखी एक: शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयं योजनेत जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे पैसे खात्यावर येतात. अर्ज वेळेत करा, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला जूनपूर्वीच तयार ठेवा. कागदासाठी वर्ष वाया गेलेल्या मैत्रिणी मी बघितल्या आहेत.

जिभाऊ_शिरपूर

मनी आंडेर बी तालुकामाच शिकनी. मुलीनं एनसीसी घेतलं होतं. पहिल्या दोन वर्षांनी बी आणि तिसऱ्या वर्षी सी सर्टिफिकेट. सी मध्ये निदान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी सीडीएस या भरती परीक्षेचा लेखी पेपर न देता थेट एसएसबी या निवड मंडळाच्या मुलाखतीची वाट असते, मुलींनाही. आमच्याकडच्या पुष्कळ पालकांना हे माहीत नसतं, एनसीसी म्हणजे पंधरा ऑगस्टची परेड एवढंच वाटतं. सगळ्या शाखांत एनसीसी नसतं, आणि असलं तरी जागा ठरलेल्या असतात. प्रवेशाच्या वेळीच नाव द्यावं लागतं. दिवाळीनंतर आठवण येऊन उपयोग नाही.

भाषेचंही लिहितो. पोरी शहरात गेल्या की अहिराणी लपवतात. तालुक्याच्या कॉलेजात विडंबननाट्य अहिराणीत बसवतात, पोरं मोकळी बोलतात, आणि त्या बोलण्याला टाळ्या पडतात. ज्यांच्या नावाचं आपलं विद्यापीठ आहे त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळी कविता घरच्या लेवा गणबोलीत. मग आपली बोली बोलायची लाज आपल्या पोरींना का वाटावी?

पांझरेकाठ

जिभाऊंना शंभर टक्के अनुमोदन. यावरून आविष्कारचं सांगायचं राहिलं ते आठवलं. ही विद्यार्थ्यांच्या संशोधनाची स्पर्धा आहे. आधी कॉलेज, मग जिल्हा, विद्यापीठ आणि शेवटी राज्य. विज्ञानवाल्यांचीच आहे असा समज आहे, पण मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला असा स्वतंत्र विभाग तिच्यात आहे. पोस्टर लावायचं आणि परीक्षकांसमोर उभं राहून समजावून सांगायचं. वक्तृत्व करणाऱ्या आणि हातात रंग असलेल्या मुलीला याहून चांगली जागा कोणती? विषय तर दारातच आहेत. श्रावणात कानबाई, आपल्या खानदेशची देवी, घरोघरी बसते, तिचे रोट, तिची गाणी, कोणत्या घरात कोणती चाल चालते, हे आजीच्या वयाच्या बायकांकडून टिपून घेतलं तरी पोस्टर भरून उरेल. कापूस वेचणीची मजुरी आणि बायकांचा दिवस यावरही करता येईल. जुने कागद बघायचे असतील तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. तुमच्या जवळच अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, १९१६ सालची. साने गुरुजी अमळनेरच्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. भित्तिपत्रकाची परंपरा तुमच्याकडे एवढी जुनी आहे, ती कॉलेजात चालू आहे का तेही बघून या.

नव्या शैक्षणिक धोरणात आता फील्ड प्रोजेक्टला आणि एनएसएस, खेळ, सांस्कृतिक या गोष्टींनाही क्रेडिट आहेत. म्हणजे हा वेळ अभ्यासातून चोरलेला राहिलेला नाही. आई-आप्पांना हे जरूर सांगा.

कापूसपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो, बहिणीला बरोबर नेलं होतं.

आधी स्टँड. दुपारची गाडी लेक्चर संपल्या संपल्या आहे, पुढची संध्याकाळी. म्हणजे मॅडमनी लिहिलं अगदी तसंच. कॉलेजात सांस्कृतिकचे सर भेटले. सराव दुपारी घेतात, बाहेरगावच्या मुली कमी आहेत हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मी सकाळचं विचारल्यावर म्हणाले, पाच-सहा मुलींच्या घरून होकार आला तर सकाळी घ्यायला मी तयार आहे. बहिणीनं तिथंच गावातल्या आणि शेजारच्या गावातल्या मैत्रिणींची नावं लिहून दिली. भित्तिपत्रकाचा फलक होता, पण मागच्या वर्षीचाच अंक लावलेला. एनएसएसच्या मॅडमना शिबिराचं गाव विचारलं तर त्यांनी मोबाईलमधले फोटोच दाखवले, त्या कामाबद्दल बोलताना त्यांचं लेक्चरकडे जायचं राहून गेलं. एसएसआर बघितला, बक्षिसं थोडी आहेत पण दरवर्षी आहेत. मराठी स्पेशलला दोन कायमचे शिक्षक आहेत. इंग्रजीला सध्या कुणी नाही, पण तिला मराठीच घ्यायचंय.

बहीण परत येताना गाडीत म्हणाली, इथंच घेते, पण आप्पांनी युवारंगच्या आठवड्यात मला अडवायचं नाही. आप्पांनी अजून हो म्हटलेलं नाही. मुली संघाबरोबर तीन-चार रात्री बाहेर राहतात त्याची त्यांना धास्ती आहे. त्यांना काय सांगू? आणि पासचं कसं, बारावीपर्यंत तिला मोफत होता.

फळ्यासमोर

मोफत पास बारावीपर्यंतच असतो. आता विद्यार्थ्यांचा मासिक सवलत पास काढा, त्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, महिलांच्या अर्ध्या तिकिटापेक्षा रोजच्या प्रवासाला तोच परवडतो. कॉलेजचा दाखला लागतो, प्रवेश झाला की लगेच मागून घ्या.

आप्पांसाठी: युवारंगला संघाबरोबर एक शिक्षिका पूर्ण वेळ असते. मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि आम्ही मॅडम त्यांच्याच खोलीत झोपतो. जेवण यजमान कॉलेजातच. हे आप्पांना तुमच्याकडून ऐकून पटणार नाही. तुमच्या कॉलेजातून संघाबरोबर कोणत्या मॅडम जातात ते विचारा आणि आप्पांची त्यांच्याशी गाठ घालून द्या. मी दरवर्षी दोन-तीन घरी स्वतः जाऊन वडिलांशी बोलते, बहुतेक जण ऐकतात. शक्य असेल तर आप्पांना तिच्या स्पर्धेच्या दिवशी बघायलाच घेऊन जा, प्रेक्षकांत पालकांना कुणी अडवत नाही.

जिभाऊ_शिरपूर

आप्पांना माझा नंबर द्या, व्यक्तिगत निरोपात पाठवतो. मीही आधी नाहीच म्हणत होतो. बापाशी बापच बोललेला बरा.

कापूसपट्टा

जिभाऊ, निरोप मिळाला, आजच रात्री तुमचं आणि आप्पांचं बोलणं करून देतो. बहिणीनं आविष्कारसाठी कानबाईचा विषय पक्का केलाय. आजीकडून गाणी उतरवून घ्यायला तिनं सुरुवातही केली. पांझरेकाठ, तिला विचारायचंय की पोस्टरवर गाणी अहिराणीतच ठेवून खाली मराठी अर्थ दिला तर चालेल का?

पांझरेकाठ

चालेल, तसंच करा. गाणं कोणी म्हटलं, कोणत्या गावात, कधी उतरवलं, हे प्रत्येक गाण्याखाली लिहायला सांगा, परीक्षक तेच आधी विचारतात. आणि आजीच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्डही करून ठेवा.