आई-बाबांसोबत स्वित्झर्लंड: युंगफ्राउ की टिटलिस, आणि मुक्काम किती ठिकाणी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जायचं ठरतंय. आठ रात्री, दुसरा कुठलाही देश नाही. बाबा ७२, आई ६८. बाबांचे गुडघे कुरकुरतात. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, जिना उतरणं मात्र जड जातं. आईला मधुमेह आहे, गोळ्यांवर आहे, इन्शुलिन नाही. रक्तदाबाची गोळी दोघांनाही. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

टूर कंपनीबरोबर नको, कारण पहाटे बॅगा दाराबाहेर आणि दिवसभर बस हे त्यांना झेपणार नाही. कच्चा आराखडा असा: झुरिक २, लुसर्न २, इंटरलाकेन २, झर्मॅट २. त्यात टिटलिस, युंगफ्राउ, पिलाटस, गोर्नरग्राट ही डोंगरावरची ठिकाणं. जास्त होतंय का? युंगफ्राउ आणि टिटलिसपैकी एकच करायचं तर कोणतं? व्हिसा, विमा, पास याबद्दलही जाणकारांनी सांगावं.

डोंगरवाट

जास्तच होतंय. आठ रात्रींत चार हॉटेलं म्हणजे तीनदा बॅगा भरायच्या, तीनदा दुपारी दोन-तीनपर्यंत खोलीची वाट बघायची. झुरिक आणि झर्मॅट काढा. लुसर्न ३, इंटरलाकेन ५ करा. झुरिक विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे, तिथून लुसर्नची थेट गाडी तासाभरात पोचवते. झर्मॅट सुंदर आहे यात वाद नाही, पण इंटरलाकेनहून जाताना श्पीझ आणि फिस्पला गाडी बदलावी लागते, आणि पाहायला पुन्हा बर्फाचे डोंगरच.

लुसर्नमध्ये हॉटेल स्टेशनपासून पाच-सात मिनिटांत हवं. लाकडी पूल, तळ्याचा काठ, बोटीचा धक्का सगळं सपाटीवर आहे. इथला सगळ्यात चांगला दिवस रिगीचा. लुसर्नहून बोटीनं तासाभरात फित्सनाउ, तिथून दात्यांच्या रेल्वेनं (मधल्या दातेरी रुळाला धरून चढणारी) अर्ध्या तासात रिगी कुल्म. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे. उंची १,७९८ मीटर, म्हणजे दम लागायची भीती नाही. वरच्या स्टेशनपासून माथ्यापर्यंत थोडी चढण आहे. बाबांना नको वाटली तर स्टेशनाजवळूनही तळी दिसतात. परतताना दुसऱ्या बाजूनं आर्थ-गोल्डाउला उतरा, चढताना पाहिलेलं पुन्हा पाहावं लागत नाही. पिलाटसची रेल्वे ४८ टक्के चढाची, जगातली सर्वांत तीव्र दात्यांची रेल्वे म्हणून प्रसिद्ध आहे, पण रिगी केल्यावर मी तरी ती सोडेन.

लुसर्न ते इंटरलाकेन गाडी साधारण दोन तासांची. लुसर्नहून निघताना उजवीकडच्या खिडकीशी बसा. झार्नेन आणि लुंगर्नची तळी त्याच बाजूला येतात. मायरिंगनला गाडीची दिशा उलटते, त्यामुळे पुढे ब्रिएन्झचं तळंही तुमच्याच खिडकीत येतं. जागा बदलायला उठू नका.

इंटरलाकेनमध्ये 'ओस्ट' आणि 'वेस्ट' अशी दोन स्टेशनं आहेत. डोंगराकडच्या गाड्या ओस्टहून सुटतात, तेव्हा मुक्काम ओस्टजवळ. पाच रात्री आहेत म्हणून एक दिवस रिकामा ठेवाच. पाऊस आला तर तो दिवस ब्रिएन्झच्या बोटीला द्यायचा आणि शिखर पुढे ढकलायचं.

गुडघ्यांसाठी एक सूचना: लाउटरब्रुनेनजवळचा ट्रुमेलबाखचा धबधबा यादीत कोणीतरी घालेलच. आत लिफ्ट आहे, पण त्यापुढे ओल्या पायऱ्या बऱ्याच आहेत. तो सोडा. गावातला श्टाउबबाख जवळपास ३०० मीटर उंचीवरून पडतो आणि रस्त्यावरून सपाटीनं चालत दिसतो.

गोळीबंद

युंगफ्राउबद्दल आधी तब्येतीची बाजू. युंगफ्राउयोखची, म्हणजे रेल्वे पोचते त्या खिंडीची, उंची ३,४५४ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. पूर्वी जुन्या रेल्वेनं जाताना शरीराला जरा वेळ मिळायचा. डिसेंबर २०२० पासून 'आयगर एक्सप्रेस' केबल कार पंधरा मिनिटांत २,३२० मीटरवर नेते आणि तिथून रेल्वे आणखी सव्वीस मिनिटांत वर. म्हणजे हजार मीटरच्या आसपासच्या गावातून माणूस तासाभरात साडेतीन हजारांवर. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ यांचं कारण हेच. त्यात गाडीतून उतरून घाईघाईनं चालत सुटलं की हमखास.

टिटलिसचं वरचं स्थानक ३,०२० मीटरवर आहे. फरक आहे, पण खूप नाही. ज्याला युंगफ्राउ मना आहे त्यानं टिटलिसलाही विचारूनच जावं. छातीत दुखण्याचा त्रास, नुकताच बसवलेला स्टेंट, हृदय कमजोर असणं, जुनाट दमा किंवा फुफ्फुसाचा आजार, तीव्र अॅनिमिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमान आणि डोंगर दोन्ही बंद. दाब कमी झाला की तो फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. साधं मोतीबिंदूचं ऑपरेशन वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आईंच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड आहे का ते पाहा. असेल तर जेवण लांबलं की साखर खाली येते. तिकडे बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळी सहापर्यंत. तीन वाजता डोंगरावरून उतरून 'आता जेवू' म्हटलं तर पाव-केकशिवाय काही मिळेलच असं नाही. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या आणि काहीतरी खाणं कायम हवं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. गारठलेलं यंत्र चुकीचा आकडा दाखवतं किंवा चालतच नाही.

जूनमध्ये तिकडचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं. पहिल्या दिवशी गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सगळी औषधं मूळ पाकिटात, केबिन बॅगेत, सोबत औषधांच्या शास्त्रीय नावांची इंग्रजी चिठ्ठी. स्वतःपुरती महिनाभराची औषधं नेता येतात.

आधी_कागद

व्हिसाचं थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मे-जूनसाठी मात्र शेवटच्या महिन्यात भेटीची वेळ मिळणं कठीण, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. फी प्रौढांना ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. ज्येष्ठांना सवलत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा, दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ × ४५ मिलिमीटर. बोटांचे ठसे द्यायला दोघांना स्वतः जावं लागतं. वयामुळे ठसे पुसट असतात आणि यंत्र पुन्हा पुन्हा मागतं. आधी चार-पाच दिवस हातांना रोज क्रीम लावलं तर काम सोपं होतं. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, तुमचं आयकर विवरण आणि बँकेचं स्टेटमेंट लागेल, पण बाबांच्या पेन्शनचा कागद आणि पासबुकही जोडा. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बाकी कागदांवर सासरचं असा घोळ असेल तर तो आत्ताच निस्तरा.

विमा: व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ही किमान रक्कम आहे, पुरेशी नव्हे. डोंगरावरून हेलिकॉप्टरनं आणायची वेळ आली तर बिल मोठं येतं. रक्तदाब आणि मधुमेह अर्जात लिहाच, लपवलेला आजार दावा फेटाळायला पुरतो. पॉलिसीत दोन ओळी शोधा: आधीपासूनच्या आजाराचं संरक्षण फक्त जिवावर बेतल्यास आहे का, आणि साठीनंतर प्रत्येक खर्चाला वेगळी मर्यादा घातली आहे का. स्वस्त पॉलिसी स्वस्त असते ती या दोन ओळींमुळे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, हवाई बचावाचा १४१४.

विमानतळावर व्हीलचेअर दोघांसाठी मागा, उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी. तीन प्रकार असतात. चालता येतं, पायऱ्याही चढता येतात, फक्त लांब अंतर झेपत नाही: डब्ल्यूसीएचआर. पायऱ्या जमत नाहीत: डब्ल्यूसीएचएस. अजिबात चालता येत नाही: डब्ल्यूसीएचसी. बाबांसाठी दुसरा सांगा, नाहीतर विमान धक्क्याऐवजी बाहेर उभं राहिलं तर शिडी उतरावी लागेल.

मुंबई-झुरिक थेट विमान मिळालं तर उत्तम. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर शेंगेनचा (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचा) प्रवेश तिथेच होतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, त्यामुळे पहिल्या नोंदणीला वेळ लागतो. दीड तासाची जोडणी घेऊ नका, तीन तास ठेवा.

पंचविशी

गोळीबंद यांचं सगळं मान्य, पण दोघांची तपासणी ठीक निघाली तर युंगफ्राउ गाळू नका. आई-बाबांना स्वित्झर्लंड म्हणजे तेच डोळ्यांसमोर असतं, आणि 'जवळ जाऊन आलो पण वर गेलो नाही' ही रुखरुख राहते. पद्धत बदला. लगेच पहिल्या दिवशी नको, इंटरलाकेनच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा. आदल्या दिवशी म्युरेनला जा: मोटारी नसलेलं, १,६०० मीटरवरचं गाव, समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही शिखरं. तिथे कसं वाटतं ते कळेल.

सकाळी आधी शिखरावरचा थेट कॅमेरा पाहा, ढग असतील तर तिकीट काढूच नका. वर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसून पाणी प्या, मग हळूहळू हला. तिथल्या स्फिंक्स या वेधशाळेच्या गच्चीपर्यंत लिफ्ट आहे. बर्फाच्या महालात मात्र जमीनच बर्फाची, तिथे बाबांनी कठडा सोडू नये किंवा जाऊच नये. दोन तासांत खाली. डोकं दुखायला लागलं तर गोळी घेऊन थांबायचं नाही, पहिल्या गाडीनं उतरायचं. उतरणं हाच उपाय.

गोदाकाठ

झर्मॅट काढलं! इंटरलाकेनला पाच रात्री पक्क्या. बाबांची टूडी एको आणि ईसीजी या आठवड्यात करून घेतो. आता दोनच प्रश्न: स्विस ट्रॅव्हल पास घ्यायचा की हाफ फेअर कार्ड? आणि सोबत खायला काय नेऊ?

डोंगरवाट

पास: ट्रॅव्हल पासवर गाड्या, बस, बोटी, रिगी आणि म्युरेनपर्यंतचा प्रवास पूर्ण मोफत, पण युंगफ्राउच्या वरच्या टप्प्यावर फक्त २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि बहुतेक सगळीकडे तिकीट निम्मं, युंगफ्राउवरही. तुमच्या बदललेल्या आराखड्यात लांबचे प्रवास दोनच उरलेत, म्हणून बेरीज बहुधा हाफ फेअरच्या बाजूनं जाईल. रेल्वेच्या अॅपवर प्रत्येक टप्प्याचं भाडं दिसतं, वीस मिनिटांत हिशोब होतो. ट्रॅव्हल पासचा खरा फायदा म्हणजे दर वेळी तिकीट काढायचं नाही, मनात आलं की बोटीत चढा. ज्येष्ठांसाठी वेगळा दर नाही. एका विशिष्ट गाडीचं सवलतीचं तिकीट मात्र घेऊ नका. आई-बाबा बाथरूमला गेले आणि गाडी चुकली की ते वाया.

अॅपमध्ये गाडी बदलायला लागणारा वेळ वाढवून शोधता येतं. आपोआप येणाऱ्या जोडण्या चार-पाच मिनिटांच्याही असतात.

आधी_कागद

खाण्याबद्दल: भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, श्रीखंड, पनीर नाही. भडंग, चिवडा, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, उपम्याचं पाकीट चालेल. लोणचं केबिन बॅगेत ठेवलंत तर द्रव म्हणून काढून टाकतील. खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, विमानतळावरच अडकतात.

स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. तांदूळ, दही, भाज्या कूप किंवा मिग्रोस या सुपरमार्केटांत मिळतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद, स्टेशनातली उघडी. फळांच्या काही दह्यांत जेलाटीन (प्राण्यांपासून काढलेलं) असतं, साधं दही घ्या. फोडणी देताना खिडकी उघडी, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. बुकिंगआधी मालकाला दोन गोष्टी लिहून विचारा: लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का, आणि न्हाणीघरात टबची कड ओलांडावी लागते का. टॉयलेटमध्ये जेट नसतो, एक छोटी बाटली बॅगेत ठेवा. मोठ्या स्टेशनांवर टॉयलेटला पैसे पडतात, गाडीतलं मोफत असतं.

पंचविशी

एक राहिलंच. इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डला एकच गाडी सुटते आणि स्वायल्युत्शिनेनला तिचे दोन तुकडे होतात. डब्यावरची पाटी वाचून चढा, आणि आई-बाबांना पुढे बसवून स्वतः मागच्या डब्यात जागा शोधायला जाऊ नका. युंगफ्राउसाठी 'ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल'ला उतरायचं, ते गावाच्या स्टेशनाच्या आधी येतं.