शाळेतला पहिला दिवस: तुमचा हात कोणी धरला?

खडूवाली

परवा ठाण्याहून वाशीकडची ट्रान्स हार्बर लोकल पकडली. दुपारची, निम्मी रिकामी. समोर एक मुलगी बसली होती, मांडीवर प्लास्टिकची फाईल. फाईल उघडायची, कागद वाचायची, परत आत ठेवायची. दिघ्यापर्यंत चार वेळा झालं. मग मलाच विचारलंन, "काकू, रबाळ्याला उतरल्यावर शाळेकडे रिक्षा मिळते ना?" नेमणुकीचं पत्र होतं. रुजू उद्या व्हायचंय, आज नुसता रस्ता बघून ठेवायला निघाली होती.

घरी येईपर्यंत मला माझा जून २००१ आठवत राहिला. तेव्हा ही ट्रान्स हार्बर कुठली, ती आली २००४ मध्ये. ऐरोलीहून विटावा-कळवा करत बसने ठाण्यात. पहिल्याच दिवशी विटाव्याच्या पुलाखाली पाणी. शाळेत पोचले तेव्हा साडीचा घोळ गुडघ्यापर्यंत ओला आणि प्रार्थना संपलेली. मी शिक्षण सेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं नुसत्या मानधनावर, महिना ३ हजार. मुख्याध्यापकांनी मस्टरवर सही घेतली, हजेरीपट हातात दिला आणि "तिसरी ब, जिन्याच्या बाजूला" एवढंच सांगितलं. ६७ मुलं. डी.एड.ला पाठाचे टप्पे शिकवले होते, हजेरीपटाच्या तळाशी मुलगे-मुलींच्या बेरजा कशा जुळवायच्या ते कुणी शिकवलं नव्हतं.

आठवड्याभराने आमच्या शिपाई मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, त्या खिडकीतल्या पोराची गैरहजेरी लावलीत काल? तो माझ्यासमोर मधल्या सुट्टीत पाणी पीत होता." मी म्हटलं, राहिलं असेल एखादं नाव, आवाजात ऐकू आलं नसेल. मावशी आत आल्या, दार लोटून घेतलं. "८० टक्के हजेरी भरली तर त्याच्या घरी महिन्याला ३ किलो तांदूळ जातो. तुमची एक चुकीची खूण म्हणजे तांदळाला कात्री."

खिचडी नंतर आली, तेव्हा तांदूळच वाटायचे. मावशी चौथी शिकलेल्या. त्या दिवसापासून मी नाव घेताना मान वर करून तोंड बघते. आजतागायत.

तुम्हाला शाळेत पहिल्यांदा जाताना (शिक्षक म्हणून, पालक म्हणून, नवीन मूल म्हणून, कसंही) कोणी हात दिला? की नाही दिला? लिहा.

दहीभात

मावशींना दंडवत __/\__ माझं नंतर लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

सातचीलोकल

आसनगावला उतरून काळीपिवळी, पुढे ३ किमी चालत. झेडपीची दोन शिक्षकी शाळा, दुसरे सर निवडणुकीच्या कामाला. म्हणजे पहिली ते पाचवी एकटी मी. पाचवीच्या पोरींनी पहिलीची मुलं सांभाळली आणि मी पाचवीच्या पोरींना सांभाळलं असं म्हणायचं.

मला हात दिला शेजारच्या वाडीवरच्या एका बाईंनी. शिक्षण परिषदेला, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीला, भेटल्या. केंद्रप्रमुख पुढे काहीतरी सांगत होते, या माझ्या वहीत मागे लिहीत होत्या: कुठल्या कपाटात काय, पोषण आहाराची नोंद रोजच्या रोज का करायची, कुणाच्या घरी पाणी मागायला जायचं. आणि शेवटी, दिवाळीनंतर पट बघून घाबरू नकोस.

खरंच घाबरले असते. दिवाळी झाली आणि निम्मी कातकरी मुलं गायब. आईबाप वीटभट्टीला, मुलं बरोबर. बाईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून आधीच शिक्षण हमी कार्डं भरून हातात दिली होती, जिथे भट्टी तिथल्या शाळेत बसायला. किती बसली देव जाणे. एक मुलगा मेमध्ये परत आला तेव्हा कार्ड तसंच, पॉलिथिनच्या पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. वापरलं का रे म्हटलं तर म्हणाला, हरवू नको म्हणालात ना.

कोपरखैरणेकर

^^ हे वाचून गप्प झालो.

घोडबंदरचा_प्रवासी

आमच्या मुलीची बस सकाळी ६:१० ला येते. शाळा ७:२० ला. मधले सत्तर मिनिटं ती झोपते. धाग्याशी संबंध नाही, पण कुठेतरी बोलायचं होतं.

चष्मिष

घोडबंदरला घर घेतलंत तेव्हाच प्रवेशप्रक्रिया संपली तुमची :)

मुक्काम_नेरूळ

पालक म्हणून लिहितो. नोव्हेंबरमध्ये सांगलीहून बदली. मुलगा सहावीत. जुनी शाळा म्हणे फी पूर्ण वर्षाची भरा, मग शाळा सोडल्याचा दाखला. इकडची म्हणे दाखला आणा, मग बघू. मुलगा तीन आठवडे घरी बसून सोसायटीच्या वॉचमनबरोबर बुद्धिबळ शिकला.

शेवटी नेरूळच्याच एका अनुदानित शाळेतल्या क्लार्क बाईंनी मार्ग काढला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ त्यांना तोंडपाठ. मागच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. म्हणाल्या, "अर्ज लिहून द्या, उद्यापासून पाठवा मुलाला, कागद कागदाच्या गतीने येईल." आला, जानेवारीत. त्यावर आईचं नाव चुकलेलं. परत सांगली.

निवांत७१

ते कलम आठवीपर्यंत, आणि सरकारी-अनुदानित शाळेत जाताना उपयोगी. विनाअनुदानितवाल्यांपुढे वाचून दाखवलंत तर चहा देतात आणि घरी पाठवतात. (निवृत्त मुख्याध्यापक. मी पण एके काळी दाखला अडवून ठेवलेला आहे, संस्थेच्या सांगण्यावरून. आज सांगायला लाज वाटते.)

दाखल्यावर कुणाचंही नाव चुकलं असेल तर पहिलीतल्या जनरल रजिस्टरची नोंद बघा. सगळं तिथून उतरतं. वर दुरुस्त करून काही होत नाही.

कोपरखैरणेकर

जनरल रजिस्टरवरून आठवलं. माझी जन्मतारीख १ जून. आई म्हणते गणपतीत झालास.

चष्मिष

१ जूनवाले हात वर करा!

सातचीलोकल

माझे बाबा. आणि काका पण.

चष्मिष

जुळे?

सातचीलोकल

नाही, तीन वर्षांचं अंतर. गुरुजी एकच.

दहीभात

हाहाहा ठसका लागला. पोळी करपली.

नवीनच_आहे

एक विचारू का, पहिलीसाठी ३१ डिसेंबरचा नियम अजून आहे का? आमची ४ जानेवारीची.

निवांत७१

हो. ३१ डिसेंबरला ६ पूर्ण. केंद्रीय विद्यालयाचं वेगळं, ते ३१ मार्च धरतात. चार दिवसांसाठी भांडू नका, मोठं होऊन शाळेत जाणाऱ्या मुलाचं काही वाईट होत नाही. लहान असताना ढकललेल्यांचं झालेलं पाहिलंय.

नवीनच_आहे

सासूबाई म्हणतात डॉक्टरांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

चष्मिष

गुरुजींना सांगा. १ जून लावून देतील.

फळ्यापुढचा

वाशीत एका खाजगी शाळेत लागलो, नाव नको. डेमो लेसन छान झाला, कारण डेमोला मुलं मुख्याध्यापिकेला घाबरून बसली होती. सोमवारी आठवी ड. मी फळ्याकडे वळलो की मागून मधमाशांसारखा आवाज. वळलो की शांत. तोंडं बंद, सगळे गुणगुणतायत. कोण ते कळायला मार्ग नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षा करून थेट घरी जावंसं वाटलं, पण वही स्टाफरूमला होती म्हणून गेलो.

तिथे चित्रकलेचे सर एकटेच होते. मी काही बोललो नव्हतो. म्हणाले, "वर्गाकडे पाठ करून लिहू नकोस. तिरका उभा राहा, डावा खांदा फळ्याकडे, उजवी नजर वर्गात. अक्षर वाकडं येईल, येऊ दे." मग रिकाम्या वर्गात नेऊन खरंच उभं करून दाखवलं, पाय कुठे ठेवायचा ते खुणेसह. खडूने लादीवर फुली केली. ती फुली आठवडाभर होती, झाडणाऱ्या ताईंनी पुसली नाही. सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, हे मला खूप नंतर कळलं.

पगार सहीचा वेगळा आणि हातातला वेगळा, तो विषय दुसऱ्या धाग्यावर.

खडूवाली

फळ्यापुढचा, तुमचं अक्षर अजून वाकडं आहे का?

फळ्यापुढचा

आता स्मार्ट बोर्ड आहे. तरी तिरकाच उभा राहतो. बायको म्हणते फोटोत पण.

तलावपाळी

शिक्षण सेवकांना आता किती देतात? माझ्या भाचीचं शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव आलंय.

सातचीलोकल

प्राथमिकला १६ हजार, २०२३ पासून. त्याआधी ६ हजार होते, आम्ही त्यात दिवस काढले. तीन वर्षं. भाचीला म्हणावं टाचण काढ, म्हणजे पाठाची तयारी लिहून ठेव, रोज काढ. तपासणीला कुणी आलं की पहिलं तेच मागतात.

तलावपाळी

सांगते. ती म्हणते ते सगळं ठीक आहे गं मावशी, राहू कुठे ते सांग.

दहीभात

आले. आमच्याकडे कामाला येतात त्यांच्या मुलीचा आरटीईचा फॉर्म मी भरला होता. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळेत गरीब मुलांसाठी राखीव असतात त्या २५ टक्क्यांतला. वाटलं अर्ध्या तासाचं काम. उत्पन्नाचा दाखला (१ लाखाच्या आत), जन्माचा, राहण्याचा पुरावा. त्या भाड्याने राहतात, आणि भाडेकरार नोंदवलेला लागतो. घरमालक म्हणाला नोंदणी केली तर माझा टॅक्स कोण भरणार. त्याच्याकडे तीन चकरा, शेवटी माझ्या नवऱ्याने त्याला घरी बोलावून मटण खाऊ घातलं. आमच्या घरात बनत नाही, बाहेरून आणलं. असो.

आणि वर्ष नेमकं २०२४. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मेमध्ये हायकोर्टाची स्थगिती, जुलैमध्ये तो बदलच रद्द. तोवर सगळ्यांच्या शाळा सुरू झालेल्या. सोडतीत नंबर लागला तेव्हा बाकीची मुलं 'ए फॉर अ‍ॅपल' करून बसली होती.

फी माफ हो, पण स्नेहसंमेलनाला परीचा ड्रेस. पोरीची आई म्हणाली ताई, हिला परी नको, झाड करा, झाडाला कपडे लागत नाहीत. वर्गशिक्षिका नवीन मुलगी होती, बाविशीची असेल. तिने पोरीला झाड केलं. पण मधोमध उभं केलं, परी सगळ्या तिच्याभोवती. मला त्या बाईंचं नाव पण माहीत नाही. मोबाइलवर व्हिडिओ आहे, माझ्याकडे आणि तिच्या आईकडे.

कोपरखैरणेकर

मटण कुठून आणलंत :)

दहीभात

विषय काय, प्रश्न काय.

अकरावी_मराठी

मी विद्यार्थी म्हणून. दहावी मराठी माध्यम, कळव्यात. अकरावी ऑनलाइन, पसंतीक्रम भरले, दुसऱ्या यादीत ठाण्याचं चांगलं कॉलेज लागलं, घरी पेढे. पहिला तास फिजिक्स. सर अ‍ॅक्सिलरेशन अ‍ॅक्सिलरेशन करत होते, मला वाटलं काहीतरी नवीन आहे. ऑक्टोबरात कळलं, अरे हे त्वरण! हे तर मला येतं. संवेग, वस्तुमान, अपवर्तन, सगळं येत होतं, फक्त ओळखता येत नव्हतं.

मुंब्र्याची एक मुलगी उर्दू माध्यमातून आलेली. तिची तीच गत, वेगळ्या शब्दांनी. आम्ही दोघींनी वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने केले, इंग्रजी, मराठी, उर्दू. चौथा रकाना 'चित्र'. डिसेंबरपर्यंत ते पान झेरॉक्स होऊन फिरत होतं, त्यात गुजराती रकाना कुणी वाढवला माहीत नाही.

निवांत७१

ते पान आहे का अजून? असेल तर इथे टाका. मी गंभीरपणे विचारतोय.

अकरावी_मराठी

आईने रद्दीत घातलं काका.

आज्जी_ठाणे_पूर्व

नातवाला घेऊन आमच्या कोपरीतल्या शाळेत पूर्वतयारी मेळाव्याला गेले. पहिले पाऊल म्हणतात त्याला. सात टेबलं असतात, एकावर रंग ओळखा एकावर चेंडू टाका एकावर मोजा. आमचा चेंडूच्या टेबलाजवळ बसला तो उठेना, बाकी सहा टेबलं त्याच्याजवळ आणली. बाईंनी कार्डावर चांगलंच लिहिलं. मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो माफ करा

चष्मिष

आज्जी तुमचाच अनुभव बेस्ट.

तलावपाळी

ठाण्यातल्यांनी एकदा मामलेदारला मिसळ खात भेटूया का? भाचीला घेऊन येते, वरचं सगळं तिला तोंडी सांगा. वाचत नाही ती एवढं.

घोडबंदरचा_प्रवासी

रविवार असेल तर येतो. सकाळी ६:१० ला निघतो म्हणजे वेळेत पोचेन.

सातचीलोकल

तिखट कमी सांगायचं आधी. आणि खडूवाली, त्या मुलीचं काय झालं? नंबर दिलात का?

खडूवाली

नाही ना. बोलता बोलता रबाळे आलं, ती उठली, फाईल छातीशी धरून. मी म्हटलं रिक्षा मिळते, दारातच उभ्या असतात. गाडी सुटल्यावर आठवलं, ती शाळा स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर आहे. उगीच रिक्षा केली असणार तिने.

मुक्काम_नेरूळ

आणि मीटरने नेलं नसणार.

खडूवाली

तेच तर. जाते, कुकर झाला.