गंगापूरचा विसर्ग, इन्सॅटची चित्रं आणि गोदाघाट: आधी काय बघायचं?

घाटकट्टा (प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या गोदाघाटावर गौरी पटांगण ते गाडगे महाराज पूल या पट्ट्यातले टपरीवाले, हातगाडीवाले आणि सराफ बाजार-भांडी बाजारातली खालच्या अंगाची दुकानं यांच्यासाठी पावसाळ्यापुरता एक गट उभा करतो आहोत. काम एवढंच की पाणी चढायच्या आधी माल आणि गाड्या वर न्यायला सांगायचं, आणि उगाच धावपळ करायला लावायची नाही. दोनदा खोटी आवई उठली की तिसऱ्यांदा कुणी जागचं हलत नाही.

माहिती चहूबाजूंनी येते. हवामान खात्याचे रंगीत इशारे, इन्सॅट उपग्रहांची चित्रं, मुंबईच्या रडारचा नकाशा, जलसंपदा विभागाचे विसर्गाचे संदेश. यातलं काय कधी बघायचं याचा मेळ बसत नाही. नेमकं विचारायचं तर, धरणातून पाणी सोडल्यावर रामकुंडावर पोचायला किती वेळ धरायचा? किती क्युसेकला (सेकंदाला किती घनफुटांना) घाट रिकामा करायचा? आणि उपग्रहाचं चित्र बघून आपल्यासारख्यांना काही ठरवता येतं का? २०२७च्या सिंहस्थाची अमृतस्नानं ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, त्यामुळे ही घडी आत्ताच बसवायची आहे.

विसर्गवही

शहरात किती पडतोय हे बघून गोदावरीचा अंदाज बांधू नका. गंगापूर धरणात पाणी येतं ते त्र्यंबक आणि त्याच्या जवळच्या आंबोलीच्या अंगाने. रोजच्या पर्जन्य नोंदीत गंगापूर, काश्यपी, गौतमी, त्र्यंबक, आंबोली अशी ठिकाणं असतात. त्यांतली त्र्यंबक आणि आंबोली आधी वाचा. पंचवटीत ऊन असताना तिकडे शंभर-दीडशे मिलिमीटर झालेला असू शकतो.

त्याचा धरणावर काय परिणाम होतो याचा ढोबळ हिशेब करता येतो. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिमी पाऊस म्हणजे १ कोटी घनमीटर, म्हणजे ३५३ दलघफू (दशलक्ष घनफूट). जमीन भिजून तृप्त झालेली असेल आणि त्यातलं सत्तर टक्के वाहून आलं तर २४७ दलघफू. एवढं पाणी बारा तासांत आलं तर सरासरी आवक ५,७०० क्युसेक होते. हा आकडा शंभर चौरस किलोमीटरमागे आहे. जूनमध्ये हाच पाऊस जमिनीत मुरतो, ऑगस्टमध्ये मुरायला जागा नसते.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. 'धरण अजून शंभर टक्के कुठे भरलंय?' असं म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण धरणाला जलाशय परिचालन सूची असते, म्हणजे कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा ते ठरलेलं असतं. पुढे येणाऱ्या पुरासाठी जागा राखायची म्हणून त्याहून जास्तीचं पाणी आधीच सोडतात. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवरही दरवाजे उघडतात आणि ते बरोबरच असतं. गंगापूरची क्षमता ५,६३० दलघफू आहे. १०,००० क्युसेकने दिवसभर सोडलं तर ८६४ दलघफू जातं, धरणाच्या जेमतेम पंधरा टक्के. मोठा लोंढा आल्यावर धरण घाईघाईने रिकामं करता येत नाही ते याचमुळे.

आता तिसरा आकडा, आणि तुमच्यासाठी हाच सगळ्यांत कामाचा: रामकुंडाच्या जरा वरच्या अंगाच्या होळकर पुलाखालचा विसर्ग. धरणातून ५,००० सोडलेत आणि पुलाखालून ९,००० वाहतायत, असं समजा. मधले ४,००० धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांचे आणि जलालपूरजवळ येऊन मिळणाऱ्या आळंदी नदीचे. पाऊस थांबला की ओढ्या-नाल्यांचा भाग लवकर ओसरतो. धरणाचा भाग मात्र दरवाजे खाली येईपर्यंत तसाच राहतो. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहीत गेलात तर पाणी अजून किती वेळ टिकेल याचा अंदाज येतो.

सराफ बाजाराचं गणित वेगळं आहे. सरस्वती आणि वाघाडी हे दोन्ही नाले होळकर पुलाच्या खालच्या अंगाला नदीला मिळतात, म्हणून पुलाच्या आकड्यात ते धरलेलेच नसतात. नदीची पातळी सरस्वती नाल्याच्या तोंडाच्या वर गेली की नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, मागे तुंबतं आणि चेंबरच्या झाकणांतून वर येतं. नदी अजून पायऱ्यांवर असते आणि बाजारात गुडघाभर पाणी, ते असं. तिथल्या दुकानांसाठी शहरातला पाऊस आणि नदीची पातळी दोन्ही एकदम बघायला हवं. त्यांना निरोपही वेगळा द्या.

वेळेचं म्हणाल तर धरण ते रामकुंड नदीची वाट पंधरा किलोमीटर धरा. पाण्याचा वेग सेकंदाला दीड ते दोन मीटर. म्हणजे दोन ते पावणेतीन तास.

मापपट्टी

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती, आणि ती महत्त्वाची आहे. दोन ते पावणेतीन तास हा पाण्याच्या एका थेंबाचा प्रवास झाला. फुगवट्याची लाट थेंबापेक्षा वेगाने पुढे सरकते. उताराच्या नदीत ती पाण्याच्या सरासरी वेगाच्या साधारण पाच तृतीयांश पट धरतात. त्याच पंधरा किलोमीटरला मग ७५ ते १०० मिनिटं लागतात. रामकुंडावर पातळी हलायला लागते ती तेव्हा, गढूळ पाणी नंतर येतं. पाणी अजून स्वच्छ आहे म्हणून थांबणारे इथेच फसतात. हातात सव्वा तास आहे असं धरूनच आखणी करा.

धरण आणि शहर यांच्या मधल्या सोमेश्वर धबधब्याला एक माणूस ठेवता आला तर फार बरं. धबधब्याचे खडक झाकले जायला लागले की त्याने फोन करायचा. तो निरोप कुठल्याही संदेशापेक्षा ताजा असतो.

ढगवाचक

उपग्रहाबद्दल. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (फेब्रुवारी २०२४) यांची चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. बघताना तीन चुका हमखास होतात.

पहिली वेळेची. चित्रावर जागतिक प्रमाणवेळ असते, तीत साडेपाच तास मिळवा. १२:०० लिहिलं असेल तर ते आपल्याकडचं संध्याकाळचं साडेपाचचं चित्र आहे. व्हॉट्सअॅपवर 'आत्ताचं' म्हणून फिरणारी निम्मी चित्रं इथेच बाद होतात.

दुसरी रात्रीची. दृश्य प्रकाशाचं चित्र रात्री काळं असतं, तेव्हा औष्णिक अवरक्त चित्र उघडायचं. पण त्यात एक ठिपका साधारण चार किलोमीटरचा असतो. रामकुंड आणि नाशिकरोड वेगळं काढायचं ते साधन नव्हे.

तिसरी चूक सगळ्यांत घातक आहे. अवरक्त चित्र पाऊस दाखवत नाही, ढगाच्या माथ्याचं तापमान दाखवतं. माथा जितका थंड तितका पांढरा. सह्याद्रीचा पाऊस बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो. समुद्राकडची ओल डोंगराला धडकते, वर चढते आणि तिथेच रिती होते. अशा ढगाचा माथा फारसा थंड नसतो, चित्रात तो करडा, निस्तेज दिसतो. तरी त्र्यंबकला संततधार चालू असते. उलट पांढराशुभ्र विस्तीर्ण पट्टा कधीकधी नुसता उंचावरचा विरळ पडदा असतो, खाली थेंब नाही. म्हणून उपग्रहाचं चित्र अरबी समुद्रावरून काय सरकतंय, जोर वाढतोय की ओसरतोय, एवढ्यापुरतं बघा. बारा तासांची दिशा त्यातून कळते, तासाभराचा निर्णय त्यावर घेऊ नका.

रडारचंही तसंच. कुलाब्याचं रडार नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा सर्वांत खालचा, अर्ध्या अंशाचा झोतही इथे पोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून २.९ किलोमीटर उंच गेलेला असतो, म्हणजे आपल्या डोक्यावरून सव्वादोन किलोमीटर. त्याखालचा पाऊस त्याला दिसत नाही. जूनमधले किंवा परतीच्या पावसातले उंच गडगडाटी ढग रडार चांगले पकडतं, श्रावणातली घाटमाथ्याची झड मात्र कमी दाखवते. नकाशा कोरा आहे म्हणून पाऊस नाही असं समजू नका. लाल-जांभळा ठिपका दिसला तर मात्र तो खरा माना.

घाटकट्टा

फार उपयोगी. मापपट्टींची दुरुस्ती तर लगेच लिहून घेतली. अजून दोन शंका. नारंगी इशारा असून शहरात काहीच होत नाही, असं का? आणि 'इस्रोचा पुराचा नकाशा' म्हणतात तो पूर चालू असताना मिळतो का?

ढगवाचक

इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो. आपला जिल्हा म्हणजे एकीकडे इगतपुरी-पेठ-सुरगाणा, दुसरीकडे येवला-नांदगाव. दोन्हींना एकच रंग लावून चालत नाही, म्हणूनच 'नाशिक घाट' (म्हणजे डोंगराळ घाटमाथा, गोदाघाट नव्हे) अशी वेगळी ओळ येते. तुम्ही ती वाचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पावसाचे शब्दही मोजूनमापून वापरलेले असतात: चोवीस तासांत ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार', २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार'. हा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. याखेरीज पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा येतो. सरस्वती नाल्यासाठी तोच बघा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' अॅप सगळ्यांच्या फोनवर घ्यायला लावा, आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी'.

पुराचा नकाशा हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र बनवतं. ईओएस-०४ सारखे रडार उपग्रह ढगांतून आणि रात्रीही बघू शकतात. शांत पाणी रडारचे तरंग पलीकडे परावर्तित करतं, ते उपग्रहाकडे परत येत नाहीत, म्हणून पाणी काळं दिसतं. अडचण अशी की उपग्रह रोज आपल्यावरून जात नाही आणि नाशिकचा पूर काही तासांत उतरतो. शिवाय दाट वस्तीत पाणी आणि भिंतीचा कोन तरंग परत फेकतो, त्यामुळे बुडालेली गल्ली काळी न दिसता उलट चकाकते. सराफ बाजार त्या नकाशात सापडणार नाही. ३० जुलै २०२५ ला गेलेला निसार हा रडार उपग्रहही एकाच जागेवर बारा दिवसांनी परततो. हे नकाशे सायखेडा-चांदोरीकडे खरे उपयोगी, कारण तिथे नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्याने पाणी पसरतं आणि जास्त काळ राहतं. पंचनाम्याला आणि पूररेषा तपासायला ते लागतात. तुमच्या गटाला आयत्या वेळी त्यांचा उपयोग नाही.

विसर्गवही

'किती क्युसेकला घाट रिकामा करायचा' हे राहून गेलं होतं. बाहेरून आणलेला आकडा वापरू नका, स्वतःचं कोष्टक करा. दर वेळी होळकर पुलाचा विसर्ग, वेळ, आणि पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी, गुडघ्याला की कमरेला, हे तिन्ही लिहा. रुंद पात्रात विसर्ग दुप्पट झाला की खोली साधारण दीडपट होते, त्यावरून मधले आकडे भरता येतात. कोष्टक होईपर्यंत नियम सोपा ठेवा: विसर्ग सुरू झाल्याचा पहिला संदेश आला की पटांगणातल्या गाड्या आणि हातगाड्या काढायच्या, आकडा कितीही लहान असो. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात. पहिला टप्पा ५०० चा असला तरी रात्री तो कुठे जाईल हे आवकेवर ठरतं. १,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २८,३१७ लिटर, दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. जोराच्या सहा इंच पाण्यात माणसाचा पाय सुटतो, फूटभर पाण्यात लहान गाडी सरकते.

मापपट्टी

टपऱ्यांसाठी एक राहिलंच. गॅस सिलिंडर भरलेला आहे, जड आहे, जागेवर राहील असं समजून सोडून जातात. १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर लोखंडासकट तीस किलोच्या आसपास भरतो आणि बुडाल्यावर सुमारे पस्तीस लिटर पाणी सारतो, म्हणजे भरलेलाही तरंगतो. हॉटेलचा १९ किलोचाही तरंगतो. रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर सगळ्यांत आधी वर न्या. वाहून गेलेला सिलिंडर पुलाच्या कमानीशी अडकला तर काढायला कुणाला पाण्यात उतरू देऊ नका, अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि ११२ हेही टपरीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवा, कारण कागद पहिल्या सरीत जातो. दुकानांत निघताना मेन स्विच पाडा. पाणी ओसरल्यावर मीटरपेटीत चिखलाची रेघ दिसली तर वायरमनने बघेपर्यंत तो परत चढवू नका.